ओढ्यापलीकडचा थांबा

माझा प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात अजून आहे. मध्यंतरी परीक्षेच्या कामाला गेलो होतो तेव्हा दिसला. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आत कुणाकुणाच्या पेन्सिलीच्या खुणा. म्हणजे पोरं वाचतात. विषय मालवाहतुकीच्या नियोजनाचा: निपाणीच्या एका बिडी कारखान्याचं पान आणि तंबाखू गावोगाव कसं पोचवावं आणि वळलेल्या बिड्या कमी वेळात माघारी कशा आणाव्यात. शेवटी घडीचा नकाशा जोडलेला आहे. नकाशात आमचं गाव आहे. गावाच्या ओढ्यापलीकडचा आमचा थांबा नाही. तो आधी होता. मी काढला.

धंद्याची रीत थोडी सांगावी लागेल. बिडीचं पान येतं लांबच्या जंगलातून, रेल्वेनं मिरजेपर्यंत, तिथून ट्रकनं निपाणीला. तंबाखू निपाणीच्याच आसपासच्या रानातला. वखारीत तो चाळून, मिसळून तयार होतो. बिडी मात्र वखारीत वळत नाहीत. ती गावोगावच्या बायका घरी बसून वळतात, मांडीवर सूप घेऊन. म्हणून गावोगाव कारखान्याची एकेक ब्रँच असे: एक खोली, एक तराजू आणि एक कारकून. कारखान्याची गाडी दुपारी यायची, पान-तंबाखू उतरवायची आणि कारकुनानं मोजून घेतलेल्या बिड्या भरून पुढच्या गावाला जायची.

आमच्या गावात ब्रँचा दोन होत्या. एक डांबरी सडकेला लागून, एका शेतकऱ्याच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत. दुसरी ओढ्यापलीकडं आमच्या बौद्धवाड्यात, विहाराच्या पडवीत. अंतर एवढंच की इकडच्या कारकुनानं हाक मारली तर तिकडं ऐकू जावी. सडकेवरच्या ब्रँचला गावातल्या बायका जायच्या, पडवीतल्या ब्रँचला आमच्या. असं का, हे गावात कुणी कुणाला विचारत नसे. विचारायचं काय त्यात? त्या सोप्याचं जोतं कमरेएवढं उंच होतं आणि आमच्यातलं कुणी ते चढत नसे.

आई-वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं आक्कानं. ती नांदायला गेली आणि वर्षभरात परत आली. कशापायी, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय लई जुनी. संध्याकाळी पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, पहाटे पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची आणि मग दिवसभर वळत बसायचं. तिचा उजव्या हाताचा अंगठा पुढं पुढं चपटा झाला होता. त्या अंगठ्यावर मी बेळगावात शिकलो.

बेळगावात मी शहापुरात एका विणकराच्या माळ्यावर खोली घेऊन राहायचो. खाली माग चालायचे, वर मी वाचायचो. खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकीणबाईंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं की शेतकऱ्यांतही असतं. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपल्यातलेच की. शेती असंल.’’ मी हसलो. तेवढंच केलं मी. पुढं त्यांनी सणासुदीला ताट वाढलं, आजारपणात काढा दिला, आणि दर वेळी मला ते हसू आठवायचं. कॉलेजच्या ऑफिसात सगळं नोंदलेलं होतं, माझी शिष्यवृत्तीच त्यावर होती. पण ऑफिसातलं ऑफिसात. आमच्या सरांनाही ते ठाऊक नव्हतं.

सर धारवाडकडचे, घरात कन्नड बोलणारे. मालवाहतुकीत त्यांचं डोकं भारी चालायचं. आधीच्या एका विद्यार्थ्याकडून त्यांनी खानापूरचं लाकूड लोंढा स्टेशनात मालगाडीच्या वाघिणीपर्यंत कसं जातं त्यावर काम करून घेतलं होतं. माझ्या वेळी त्यांची कारखान्याच्या मालकांशी ओळख निघाली आणि हा विषय ठरला. सर म्हणायचे, ‘‘माल एवढं लांबून नीट येतो हो. नासतो कुठं? शेवटच्या चार गावांत. तिथं कुणी बघतच नाही.’’

त्या वेळी आमच्याकडं कुठली यंत्रं? जाड पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवला, प्रत्येक ब्रँचला एक टाचणी खोचली आणि खालच्या मागावरचा तांबडा रेशमी दोरा मागून आणला. टाचणीपासून टाचणीला दोरा फिरवायचा, काढायचा, मोजायचा, परत दुसऱ्या वाटेनं फिरवायचा. आखूड दोरा निघाला की सर खूश. मलाही त्यात गोडी लागली होती, खोटं का सांगू. पसरलेला कारभार आपल्या बोटांखाली आवळत जातो, त्यात एक सुख असतं.

गाडीबरोबर गावोगाव हिंडायचो, कुठं किती खोळंबा होतो ते बघायचो. आमच्या वस्तीत गाडी आली की सगळ्यात जास्त खोळंबा. सडक सोडून कच्च्या वाटेनं ओढ्यात उतरायचं, पाणी असलं तर ड्रायव्हरनं आधी काठी घालून बघायचं, पलीकडं चढायचं, विहारासमोर गाडी फिरवायला जागा नाही म्हणून उलटं यायचं. बायका पडवीत बसलेल्या असायच्या. मला बघून एक म्हातारी ओरडायची, ‘‘आला गं आला, रस्ता मोजणारा साहेब. काय रं, कालच्यापेक्षा लांब झालाय काय?’’

दुसरी म्हणायची, ‘‘आक्काच्या हातचं खाऊन वाढलाय, त्याला लांब न्हाय वाटायचा.’’

आक्का मान वर न करता हसायची. माझा भाऊ गाड्यांचं टायम लावतो, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मग एक दिवस सरांनी नकाशावर बोट ठेवलं. आमच्या गावात दोन टाचण्या एकमेकींना जवळजवळ चिकटून होत्या.

‘‘हे काय हो? एवढ्या जवळ दोन ब्रँच? हे कशासाठी?’’

खालून मागाचा आवाज येत होता. सर त्या दिवशी माझ्या खोलीवर आले होते आणि घरमालकीणबाई चहाचे कप घेऊन दारातच उभ्या होत्या. उत्तर एका वाक्याचं होतं. गावातल्या बायका आमच्या वस्तीत येत नाहीत आणि आमच्या बायकांना त्या सोप्यावर घेत नाहीत, म्हणून दोन. एवढं सांगितलं असतं तर सरांनी तळटीप घातली असती आणि टाचणी राहिली असती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पण ते सांगताना मला त्या दोघांपुढं ‘आमच्या’ म्हणावं लागलं असतं.

मी म्हणालो, ‘‘कल्पना नाही, सर. जुनी सोय असेल.’’

‘‘तुमचंच गाव ना हे?’’

‘‘हो. पण मी लहानपणापासून बाहेरच.’’

सरांनी टाचणी उपटून माझ्या तळहातावर ठेवली. दोरा चांगलाच आखूड झाला. बाई म्हणाल्या, चहा निवतोय.

पुढं आठवडाभर ती टाचणी माझ्या शर्टाच्या खिशात होती. सरांकडं जाऊन सांगायचं असं रोज ठरवायचो. जिन्यापर्यंत जायचो. मग वाटायचं, आता सांगितलं तर त्या दिवशी का नाही, हे आलं. तेही सांगावं लागेल. न बोलण्याचं असं असतं की एकदा ते केलं की ते टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा करावं लागतं.

मालकांपुढं योजना मांडली तेव्हा ते गादीवर बसून नकाशा बराच वेळ बघत होते. ते बाहेरून येऊन इथं स्थायिक झालेल्या व्यापारी घरातले, खेड्यापाड्यांतलं आतलं त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणाले, ‘‘आमच्या वडिलांनी ही दुसरी उघडली होती. काहीतरी कारण असेल. बायकांना काही अडचण नाही ना यायला?’’ सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘‘ओढा ओलांडला की झालं. अडचण काही नाही.’’

योजनेत आणखी एक गोष्ट होती आणि ती संपूर्ण माझ्या डोक्यातली. तोवर गाडी प्रत्येक ब्रँचला सगळं मोजून होईस्तोवर थांबायची. मी प्रत्येक थांब्याला ठरावीक वेळ लावून दिली. वेळ संपली की गाडी हलणार, मोजणी झालेली असो वा नसो. सरांनी पाठ थोपटली. मालकांनी ड्रायव्हरला घड्याळ घेऊन दिलं.

ब्रँच बंद होणार हे वस्तीत कळलं तसं आक्का बेळगावला आली. याआधी ती कधी आली नव्हती. स्टँडवरून विचारत विचारत शहापुरात पोचली आणि गल्लीच्या तोंडाशी, एका साडीच्या दुकानाच्या पायरीखाली उभी राहिली. एका पोरानं येऊन सांगितलं, तुमच्याकडं कोण बाई आल्यात. मी खाली गेलो. खोली वीस पावलांवर होती. मी तिला घेऊन उलट्या दिशेला, चौकातल्या हॉटेलात गेलो. तिनं एकदा मागं वळून गल्लीकडं बघितलं आणि म्हणाली, ‘‘बरं झालं. मला परतीची गाडी बी धरायचीच हाय.’’

चहा तिनं बशीत ओतला, पण प्यायली नाही.

‘‘आमची ब्रँच काढत्यात म्हनं.’’

‘‘हां. तसं चाललंय.’’

‘‘त्या सोप्याम्होरं आमी जायाचं? तुला म्हायती न्हाय व्हय तितलं?’’

‘‘आता दिवस बदललेत, आक्का. कायदा आहे.’’

‘‘कायदा बेळगावात असंल. जोतं हाय तितंच हाय.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘तुजं ऐकत्यात न्हवं ती लोकं? एक शब्द टाक. बायकांनी मला सांगून धाडलंय. मी काय आपल्या मनानं आली न्हाय.’’

मी म्हणालो, ‘‘बोलतो.’’

तिला बसमध्ये बसवून दिलं. पाटी कन्नडमध्ये, तिला वाचता येईना, म्हणून कंडक्टरला सांगून दिलं. ती खिडकीतून म्हणाली, ‘‘नीट बोल. चिडू नगंस त्यांच्यावर. मोठी मानसं हायत.’’

मी बोललो नाही. पंधरवड्यानं गावी गेलो तेव्हा सांगितलं, बोललो पण ऐकलं नाही त्यांनी. आक्का म्हणाली, ‘‘आसू दे. तू तरी काय करणार.’’ आणि मला भाकरी वाढली.

पुढचं सगळं कुणी मुद्दाम वाईट वागावं म्हणून झालं नाही, हे मला आजही सांगता येतं, आणि त्याचाच त्रास होतो. सडकेवरच्या ब्रँचचा कारकून गरीब माणूस होता. आधी सोप्यावर बसलेल्या बायकांच्या बिड्या मोजून घ्यायचा. मग जोत्याखाली उभ्या असलेल्या आमच्या बायकांच्या. गावात असंच असतं, त्यानं काही नवं काढलं नव्हतं. पूर्वीची गाडी असती तर थोडा उशीर झाला असता, एवढंच. पण आता गाडीला वेळ होती. सोप्यावरचं मोजून संपायचं तोवर ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. आमच्या बायकांच्या टोपल्या जोत्याखालीच राहायच्या.

बिडी त्या दिवशीची त्या दिवशी जावी लागते. रात्रभर राहिली की पावसाळ्यात बुरशी धरते आणि उन्हाळ्यात सुकून दोरा ढिला होतो. दुसऱ्या दिवशी कारकून उघडून बघायचा आणि बाद करायचा. त्यात त्याचं चुकत नव्हतं, माल खरंच खराब झालेला असायचा. पान वाटतानाही तेच. आमच्यापर्यंत यायचं ते फाटकं, शिरांचं. फाटक्या पानाच्या बिड्या वाईट व्हायच्या. त्या बाद व्हायच्या. मग कारकून म्हणायचा, तुमच्या हाताला वळण न्हाय राहिलं. आक्काच्या हाताला.

एका सुट्टीत मी ते बघितलं. लपून नाही, सडकेच्या पलीकडं, बस येईस्तोवर उभा होतो. गाडी आली, थांबली, हॉर्न दिला, गेली. अगदी मी लावलेल्या वेळेला गेली. आक्का टोपलीवर ओलं फडकं टाकत होती, बिड्या उद्यापर्यंत टिकाव्यात म्हणून. मला तिनं बघितलं नाही असं मी धरून चाललो.

दोन पावसाळ्यांत वस्तीतलं बिडीचं काम संपलं. बायका निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जाऊ लागल्या. पहाटेच्या बसनं जायचं, तोंडाला पदर बांधून धुराळ्यात दिवसभर चाळणी मारायची, दिवेलागणीला यायचं. आक्काही जाऊ लागली. तोवर मला बेळगावातच नोकरी लागली होती, ती त्याच प्रबंधावर. मी म्हणालो, माझ्याकडं चल. ती म्हणाली, ‘‘कुठल्या खोलीत ठेवशीला?’’ हे ती टोचून बोलली नाही. खरोखर विचारत होती. माझं लग्न झालं होतं, आमच्यातच झालं होतं, पण मी शहापूर सोडलं तरी नव्या वसाहतीतही तेच आडनाव आणि तेच हसू घेऊन राहात होतो.

तिचा दम चढायला लागला तेव्हा मी तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, तंबाखूची धूळ. काम बंद करा. बंद केलं, पण छाती भरायची ती भरली होती. मला वाटलं, आता काहीतरी करावं. मालकांकडं गेलो. गादीवर आता त्यांचा मुलगा बसत होता. मी म्हणालो, ओढ्यापलीकडची ती ब्रँच परत सुरू करता येईल का? त्यानं नवलानं बघितलं. ‘‘अहो, तुम्हीच तर बंद केली. तुमच्या योजनेमुळं सगळ्या गाड्या वेळेवर धावतात. आणि आता तिथं वळणारं आहे कोण?’’ ते खरं होतं. हातांची सवय मोडली होती. नव्या पोरींना कुणी शिकवलं नव्हतं. सर निवृत्त होऊन गावाकडं गेले होते. मी त्यांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यापुढं गेलो नाही.

आक्काला सांगितलं ते एका दुपारी. ती भिंतीला टेकून बसली होती, निजलं की दम लागायचा. मी म्हणालो, ‘‘आक्का, मी बोललो नव्हतो.’’

‘‘काय?’’

‘‘मालकांशी. ब्रँचचं. मी बोललोच नव्हतो. आणि त्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, बायकांना यायला अडचण आहे का म्हणून. सरांनी पण विचारलं होतं, दोन ब्रँचा का म्हणून.’’

‘‘त्यांनी आपनहून इचारलं हुतं?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् तू?’’

‘‘सरांना माहीत नाही म्हणालो. मालकांना अडचण नाही म्हणालो.’’

मला वाटलं होतं, ती रागावेल. रडेल. बाहेर कुणी आहे का ते तिनं बघितलं आणि आवाज खाली आणला.

‘‘वस्तीत कुनाला बोलू नगंस ह्ये. मी बायकांस्नी सांगून बसलीय, माजा भाऊ लई भांडला त्यांच्यासंगं. नोकरी जायाची पाळी आलती म्हनून सांगिटलंय. ते तसंच ऱ्हाऊ दे.’’

‘‘पण आक्का—’’

‘‘बायकांत माजं त्वांड ऱ्हाऊ दे जरा.’’ आणि तिनं डोळे मिटले.

त्यानंतर मी जात राहिलो, ती माझ्याशी बोलत राहिली. जेवलास का, पोरं कशी हायत. ओढ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. माझ्यासाठी चहा टाकायला शेजारणीला सांगायची आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसायची. तिकडून वारा लागतो म्हणायची. ती जागा बिनवाऱ्याची होती.

ती गेली त्या दिवशी विहाराच्या पडवीत बायका जमल्या होत्या. त्याच, ज्या तिथं बसून वळायच्या. कितीतरी जणींना खोकला होता, एकीचा थांबला की दुसरीचा सुरू होई. ती म्हातारी, जी मला रस्ता मोजणारा साहेब म्हणायची, काठी टेकत माझ्याजवळ आली. माझ्या गालावरून हात फिरवला.

‘‘आमच्यापायी भांडलास रं बाबा तू. कोन भांडतंय? आक्का सारखी सांगायची.’’

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. सांगायची वेळ तीच होती. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं. एकीनं पाणी आणून दिलं, मी प्यालो.

आता हे लिहितोय तेव्हा ती म्हातारी नाही. बाकीच्या आहेत त्यांतल्या कुणाला वाचता येत नाही. त्यांच्या पोरांना येतं; त्यांच्यातला एकजण बँकेत आहे, एक शिक्षक आहे. त्यांच्या हाती हे पडलं तर पडो. आक्काचं तोंड राहावं म्हणून मी इतकी वर्षं गप्प होतो, असंही मला म्हणता येईल. पण तिचं सांगणं येण्याआधी मी बरीच वर्षं गप्पच होतो.

मागच्या महिन्यात निपाणीहून येताना बस आमच्या गावच्या फाट्यावर थांबली. सडकेवरच्या सोप्यासमोर कारखान्याची गाडी उभी होती. नवी गाडी, ड्रायव्हरही नवा. जोत्याखाली कुणी नव्हतं. त्यानं घड्याळ बघितलं, हॉर्न दिला आणि वेळेवर निघून गेला.